पक्का हात

हुपरीत चांदीची झाळ करणारे, कड्या तापवून सांधणारे हात घरोघर होते. पण पक्का हात कुणाचा, असं विचारलं की लोक एकाच दाराकडं बोट दाखवत. ते दार आण्णांचं. दुसरे कारागीर तापलेली कडी चिमट्यानं धरत. आण्णा ती डाव्या हाताच्या नुसत्या बोटांनी उचलत, निवांतपणे उलटी करत आणि पुन्हा विस्तवावर ठेवत. पेठ वडगावचा व्यापारी माल न्यायला आला की चहा उकळेपर्यंत त्याला हे दाखवलं जाई. तो तोंडात बोट घाली. “इस्तवाची आनि आण्णांची सोयरीक हाय,” असं त्यांचा एकुलता मुलगा माधव छाती पुढं काढून सांगे. आण्णा नुसते मिशीवरून हात फिरवत.

तरुणपणी आण्णाही इतरांसारखे चिमटाच वापरत. ही करामत गेल्या काही वर्षांतली. लोक म्हणाले, हात मुरला. लोणचं मुरतं तसा कारागिराचा हातही मुरत असेल, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. उलट गल्लीतली पोरं आपली बोटं शेगडीजवळ नेऊन बघायची आणि आयांचे धपाटे खायची.

त्या साली वैशाखात हुपरीला दम खायला सवड नव्हती. दुष्काळात अडून राहिलेली लग्नं सगळी एकदम निघाली होती आणि जी ती नवरी पैंजण मागत होती. आण्णांच्या सोप्यात दिवस उजाडायच्या आत शेगडी पेटायची. ज्योत हलू नये म्हणून खिडक्या बंद. वरचा पत्रा तापलेला. माधव तार ओढायचा, तेव्हा त्याच्या पाठीवरचा घाम ओघळून विजारीच्या नाडीशी साठायचा. त्याची बायको शालू त्या तारेच्या कड्यांची तोंडं सांडशीनं दाबून मिटवायची आणि ताटलीत टाकायची. मग आण्णा टाकणखार लावून, नळीनं ज्योत फुंकून, कडीचं तोंड झाळायचे. आण्णांची बायको विठाबाई तयार पैंजण रिठ्याच्या पाण्यात घासायची आणि सगळ्यांवर नजर ठेवायची. हे दुसरं काम ती जास्त मनापासून करायची.

शालू मलकापूरकडची. दुष्काळाच्या साली लग्न होऊन आली, एवढा एक गुन्हा तिच्या नावावर होता. ती सासऱ्यासमोर पदर कपाळावर ओढून, मान खाली घालून, थोडी तिरकी बसायची. अशा बसणारीला समोरच्याचं तोंड दिसत नाही, हात तेवढे दिसतात. आण्णांच्या मिशीत पांढरं किती झालंय हे तिला सांगता आलं नसतं, पण त्यांच्या हाताची शीर न् शीर तिला माहीत होती. उजव्या हाताची करंगळी हल्ली आत वळून बसते, अंगठ्याच्या बेचक्यातलं मांस आटून तिथं खळगा पडलाय, चिमूटभर टाकणखार उचलताना निम्मा सांडतो, हे तिनं पाहिलं होतं. वय झालं, असं तिला वाटायचं.

एका दुपारी तिला वास आला. कोळशाचा वास तिला ओळखीचा होता, टाकणखाराचाही. हा वास बोकडाचं मुंडकं भाजताना येतो तसला होता. तिनं डोळे वर केले. आण्णांची डावी करंगळी शेगडीच्या लोखंडी काठावर टेकली होती. कातडी पांढरी पडून आक्रसत होती आणि आण्णा शांतपणे नळीनं ज्योत फुंकत होते.

“मामंजी, बोट!” शालू ओरडली.

आण्णांनी नळी काढली. आधी तिच्याकडं बघितलं, मग बोटाकडं. हात उचलून धोतराला पुसला.

“काय झालं वरडाय?” ते म्हणाले. “काय न्हाय.”

“सासऱ्याच्या अंगावर वरडतीस व्हय गं?” विठाबाईनं रिठ्याचे हात झटकत विचारलं. “मलकापुरात असंच चालतंय काय?”

शालूनं मान खाली घातली ती संध्याकाळपर्यंत वर केली नाही. जेवणं उरकल्यावर परसात भांडी घासता घासता तिनं माधवला सांगितलं, “अवो, त्यास्नी लागतच न्हाय.”

“लागत न्हाय म्हंजे?”

“भाजल्यालं कळत न्हाय. बोट शिजलं तरी कळलं न्हाय.”

“पक्का हात म्हनत्यात त्याला,” माधव म्हणाला. “तुला काय ठावं? तुमच्या डोंगरात नाचनी पिकती.” आणि स्वतःच्याच विनोदावर हसत तो आत गेला. त्याचं तरी काय चुकलं? ज्या गोष्टीची गावात फुशारकी मारली, तिच्यातच खोट आहे हे कुणाला ऐकवतं?

व्यापारी पुढच्या आठवड्यात स्वतः आला. चहा नको म्हणाला. पिशवीतून पैंजणांची जुडी काढून त्यानं आण्णांच्या पुढ्यात टाकली. कड्या सुटल्या होत्या, घुंगरं लोंबत होती.

“आण्णा, भर मांडवात नवरीच्या पायातनं पैंजण तुटून पडलं. अपशकुन म्हनून वराकडची मान्सं ताटावरनं उठली. मला तितं तोंड दाखवाय जागा ऱ्हायली न्हाय. तुमच्या हातचा माल म्हनून गेल्या बारीला गप बसलो. आता मला दुसरं घर बघाय लागंल.”

आण्णांना कामावरून असं बोलणारा माणूस त्यांच्या उभ्या हयातीत भेटला नव्हता. त्यांची मान आखडली. त्यांनी एक सुटलेली कडी उचलायला हात घातला, ती दोनदा निसटली, तिसऱ्यांदा सापडली. ती उजेडात धरून ते बघत राहिले.

“झाळ माझी हाय,” ते शेवटी म्हणाले. “पर कडीचं तोंड मिटल्यालं नसंल, तर झाळ काय करंल?”

सगळ्यांच्या नजरा शालूकडं वळल्या. तोंड मिटवण्याचं काम तिचं होतं.

“म्या मिटवल्याती,” शालू पुटपुटली. पण पदराआडचं पुटपुटणं कोण ऐकतो? व्यापाऱ्यानं तिच्याकडं बघून च्याक् केलं. माधवनं बायकोची बाजू घ्यायला तोंड उघडलं आणि बापाकडं बघून मिटलं. विठाबाई म्हणाली, “आली तवाच दुष्काळ घिऊन आली. आता हातातलं काम बी घिऊन चालली.”

दुसऱ्या दिवशी ठरलं की शालूला लग्नसराई सरेपर्यंत माहेरी सोडायचं. हे ‘सरेपर्यंत’ म्हणजे काय, ते गल्लीला पाठ होतं. पलीकडच्या धोंडुबाईची सून अशीच चार दिवस म्हणून गेली होती, ती अजून भावाच्या घरी भाकऱ्या थापत होती. शालूनं गाठोडं बांधलं. लुगडी कमी आणि हुंदके जास्त, असं ते गाठोडं. खरं काय ते तिला दिसलं होतं, पण सांगणार कुणाला? सासऱ्याचा हात गेला, असं सुनेनं कुठल्या तोंडानं म्हणायचं? आणि नवऱ्याला तर सांगून झालं होतं.

पोचवायला माधव एकटाच जाणार होता. आण्णा म्हणाले, “पोर मागाय म्या गेलतो. सोडाय बी म्याच जानार. चोरावानी मागच्या दारानं न्हाय सोडायची.” एवढा सरळपणा त्यांच्यात होता. तो त्या दिवशी शालूच्या कामाचा नव्हता, तरी होता.

त्यांच्या करंगळीला चिंधी बांधलेली होती. चिंधी पिवळी पडली होती, एसटीत बसल्यावर तिच्यावर माश्या येऊ लागल्या. शेजारचा माणूस नाकाला उपरणं लावून उठून गेला. माधव कानकोंडा झाला. कोल्हापूरच्या स्टँडवर उतरल्यावर म्हणाला, “आण्णा, मलकापूरची गाडी दुपारची हाय. तवर सरकारी दवाखान्यात ही पट्टी तेवडी बदलून घिऊ.”

आण्णा नको म्हणाले नाहीत. तिघं निघाले. पुढं आण्णा, मग माधव, मागं गाठोडं घेतलेली शालू. डांबर मऊ झालं होतं. माधव भिंतीच्या सावलीसावलीनं चालत होता. चालता चालता आण्णांच्या डाव्या पायातली चप्पल मागं राहिली आणि ते तसेच पुढं गेले. आता थांबतील, मग थांबतील, असं शालूला वाटलं. ते थांबले नाहीत. उघडा पाय त्या तव्यासारख्या डांबरावर एकसारखा पडत होता. शालूनं चप्पल उचलली आणि धावत जाऊन पुढ्यात ठेवली.

“मामंजी, चप्पल.”

आण्णांनी खाली बघितलं. बराच वेळ बघितलं.

“अंगठा सैल झालाय,” ते म्हणाले. चप्पल नवी होती आणि तिचा अंगठा घट्ट होता. तिला पहिल्यांदाच त्यांची भीती वाटली नाही, कीव आली.

दवाखान्यात पट्टी बांधणारा कंपाउंडर घाईत होता. जखमेला चिकटलेली चिंधी त्यानं एका हिसक्यात ओढली. शालूनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा बोटातून रक्त ठिबकत होतं आणि आण्णा खिडकीबाहेरच्या चिंचेकडं बघत होते. कंपाउंडरनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. चिमट्यानं जखम आणखी खोल साफ केली, पुन्हा बघितलं. मग हातातलं काम ठेवून आत गेला आणि डॉक्टरीणबाईंना घेऊन आला.

बाई किडकिडीत होत्या, चष्मा लावलेल्या. त्यांनी माधवला केसपेपर काढायला बाहेरच्या खिडकीवर पाठवलं. तिथली रांग जिन्यापर्यंत आली होती. आण्णांना त्यांनी स्टुलावर बसवलं आणि सदरा काढायला लावला. एका परक्या बाईपुढं उघडं बसायचं म्हणून आण्णा आक्रसले. शालू पाठ करून दाराशी गेली.

“थांबा तुम्ही. तुम्ही कोण यांच्या?”

“सून.”

“मग इथंच उभ्या राहा. घरचं माणूस जवळ असलेलं बरं.”

बाईंनी आण्णांचा उजवा हात आपल्या हातात घेतला. आत वळलेली करंगळी सरळ करून बघितली, बेचक्यातला खळगा बघितला. कोपराच्या मागं बोटं घालून कातडीखाली काहीतरी चाचपलं. सुतळीसारखी जाड शीर त्यांच्या बोटाखालून इकडून तिकडं सरकली. पाठीवर आणि हातावर दोन-तीन फिकट चट्टे होते, त्यांच्याभोवती त्यांनी पेननं रेघ ओढली.

“हाताला मुंग्या येतात?”

“यायच्या की. कामाच्या मान्साला मुंग्या येनारच.”

“केव्हापासून?”

“ध्येनात न्हाय. आदी मुंग्या यायच्या, आता त्या बी यायच्या ऱ्हायल्या. बरं हाय आता.”

“मुंग्या थांबल्या ते बरं नव्हे, आजोबा. पायातली चप्पल गळून पडते कधी? कळतं का पडलेली?”

“कळतंय की,” आण्णा म्हणाले. शालू चुळबुळली. बाईंनी तिच्याकडं एक नजर टाकली.

त्यांनी कापसाची बारीक वात केली. “डोळे मिटा. मी हाताला ही वात लावीन. जिथं लागेल तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं.”

आण्णांनी डोळे मिटले. बाईंनी वात दंडाला लावली. आण्णांनी बरोबर तिथं बोट ठेवलं. खांद्याला लावली, तिथंही ठेवलं. पोरखेळ चाललाय, असं त्यांच्या तोंडावर होतं. मग वात मनगटाला लागली. आण्णा गप्प. हातावरच्या, मग पाठीवरच्या चट्ट्यावर लागली, गप्प. करंगळीवरून फिरली, गप्प. इतका वेळ काहीच होत नाही हे आण्णांच्या ध्यानात आलं असावं. त्यांच्या कपाळावर घाम फुटला.

“लागलं,” ते एकदम म्हणाले आणि त्यांनी तळहातावर बोट ठेवलं. त्या वेळी वात कुठंच लागलेली नव्हती.

“आता?”

“लागलं की. हितं.”

बाईंचा हात हवेतच होता. शालूला ते बघवेना. सगळं गाव ज्या हाताची गोष्ट सांगतं तो हात शाळेतल्या ढ पोरासारखा अंदाजानं उत्तरं देत होता.

बाईंनी मग काचेच्या दोन नळ्या आणवल्या, एकीत ऊन पाणी, एकीत गार. “यातली गरम कुठली ते सांगा.” आण्णांनी दोन्ही बोटांना लावून घेतल्या. त्यांचे ओठ हलले. गार नळी पुढं करून ते म्हणाले, “ही ऊन.” आणि बाईंच्या गप्प राहण्यावरून चूक ओळखून, डोळे न उघडताच चिडले.

“बाई, तुमी आमच्या हुपरीत येऊन इचारा. सारी हयात ही बोटं इस्तवात घातल्याती. घट्टं पडल्यात त्यास्नी. पक्का हात हाय ह्यो. म्हातारा हाय म्हनून थट्टा करू नगासा.”

“घट्टे तळहाताला पडतात, आजोबा,” बाई हळू म्हणाल्या. “हाताच्या पाठीला नाही पडत. आणि तुमच्या पाठीवरच्या चट्ट्यालाही लागत नाही. पाठीनं तुम्ही झाळ करत नाही ना?”

“तुमी हातच लावला न्हाय! न लावता इचारताय!”

“लावलाय.”

आण्णांचा श्वास जोरात चालला होता. डोळे अजून घट्ट मिटलेले होते. जणू ते उघडले तर आपण हरलो.

“शालू,” ते म्हणाले.

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती. ती दचकली.

“हाईस न्हवं हितं?”

“हाय, मामंजी.”

“ह्या बाई म्हनत्यात हात लावला. म्या म्हनतोय न्हाय लावला. तू बगतीस. खरं काय ते सांग.”

तिचं सगळं त्या एका उत्तरात होतं. नाही लावला म्हटलं की म्हातारा सदरा घालून ताठ मानेनं उठेल, मलकापूरची गाडी धरेल आणि तिला बापाच्या दारात उभी करून येईल. लावला म्हटलं की कड्या कुणाच्या हातानं सुटल्या ते आपोआप उघडं होईल. खरं बोललं की आपला संसार वाचतो, एवढं तिला लख्ख कळत होतं, आणि म्हणूनच खरं बोलायची तिला लाज वाटत होती. म्हाताऱ्याच्या हातावर पाय देऊन घरात शिरल्यासारखं ते होणार होतं. पण खोटं बोलावं तर तोच हात उद्या पुन्हा शेगडीवर शिजणार, आणि वास तेवढा मागं राहणार.

“लावला, मामंजी,” ती म्हणाली. “मनगटाला लावला. चट्ट्याला लावला. करंगळीला लावला. आत्ता बी लावल्यालाच हाय. अजून काडला न्हाय त्यांनी.”

आण्णांनी डोळे उघडले. बाईंनी त्यांची करंगळी आपल्या चिमटीत धरलेली होती. ते त्या बोटाकडं बघत राहिले. मग हळूच हात सोडवून घेतला आणि मांडीवर ठेवला, झोपलेलं मूल ठेवावं तसा.

“कसला रोग ह्यो?” त्यांनी विचारलं.

“कुष्ठरोग. तुम्ही महारोग म्हणता तो,” बाई म्हणाल्या. “घाबरू नका म्हणणार नाही, पण ऐका. गोळ्या आहेत. वर्षानुवर्षं घ्याव्या लागतील. रोग थांबेल. जी शीर मेली तिचं लागणं परत येईल, असं मात्र मी खोटं सांगणार नाही. घरातून बाहेर काढायचं कारण नाही, ताट वेगळं करायचं कारण नाही. घरातल्या सगळ्यांना एकदा तपासायला घेऊन या.” मग त्या शालूकडं वळल्या. “यांना आता दुखून कळणार नाही. तेव्हा डोळ्यांनी बघावं लागेल. रोज कुणीतरी यांचे हात-पाय उजेडात धरून बघायचे. भाजलंय का, चिरलंय का, काटा रुतलाय का.”

केसपेपर घेऊन माधव दारात येऊन उभा होता आणि महारोग हा शब्द त्याच्या कानावर पडला होता. “कुणाला?” त्यानं विचारलं. शालूनं आण्णांकडं बघितलं तेव्हा त्याला कळलं. तो अर्धं पाऊल मागं सरला. फार नाही, अर्धंच. पण आण्णांनी ते बघितलं.

स्टँडवर मलकापूरची गाडी लागलेली होती. माधवला काय करावं ते सुचत नव्हतं, म्हणून त्यानं ठरलेलं काम करायला घेतलं. शालूच्या हातातलं गाठोडं घेऊन तो गाडीकडं चालू लागला.

“कुटं चाललाईस?” आण्णा म्हणाले.

“हिला बसवतो की.”

“हिनं काय केलंय म्हनून?”

माधव थांबला. आण्णा खांबाला टेकून उभे होते. बाईंनी बांधलेली पांढरीशुभ्र पट्टी त्यांनी धोतराच्या ओच्यात लपवली होती. ते शालूशी बोलले, पण नजर जमिनीवर ठेवून, जशी ती आजवर ठेवत आली होती.

“पोरी, कड्या माझ्या हातनं सुटल्या. हात लटपटायचा ते कळत हुतं मला. कशानं ते कळत न्हवतं. तुझ्यावर ढकललं. आता तुला ऱ्हायचं असलं तर घर तुझं हाय. आनि जायचं असलं तर ही गाडी हाय. सासऱ्याला महारोग झाला म्हनून आली, असं सांग म्हायेरात. तुला कोन नावं ठिवनार न्हाय. म्या बी न्हाय.”

कंडक्टर मलकापूर, मलकापूर म्हणून ओरडत होता. शालूला आई आठवली, परसातला फणस आठवला. तिथं कुणी तिला दुष्काळ म्हटलं नसतं. आणि हुपरीत आता काय वाढून ठेवलं होतं? उद्या गल्लीत कळेल, परवा व्यापारी येणं बंद होईल, पाणवठ्यावर बायका घागर लांब धरतील. रोगाची भीती तिला नव्हती असं नाही. ज्या घरात राहायला मिळावं म्हणून तिनं ठरल्या दिवसापासून देव पाण्यात घातले होते, त्या घराची वाट मोकळी झाली होती आणि पाऊल उचलत नव्हतं.

तिनं माधवकडं बघितलं. तो गाठोडं छातीशी धरून उभा होता, तिच्यापेक्षा जास्त घाबरलेला. तिनं त्याच्या हातून गाठोडं घेतलं.

“हुपरीची गाडी कुटं लागती?” ती म्हणाली.

घरी पोचले तेव्हा दिवस अजून होता. विठाबाई दारात होती. तिघांना परत आलेलं बघून तिनं तोंड उघडलं, पण आण्णांनी तिला बोलू दिलं नाही. सोप्यात बसून त्यांनी एका दमात सगळं सांगितलं. आधी कड्यांचं, मग रोगाचं. नाव घेताना आवाज खाली आणला नाही. “महारोग. बाहीर बोलायचं असंल तर बोला. सुनंला मातूर बोलायचं न्हाय.”

विठाबाईनं पदर तोंडात कोंबला आणि ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. ज्या माणसाबरोबर तिनं जन्म काढला त्याच्याकडं ती लांबूनच बघत होती. शालूनं चूल पेटवली, पीठ मळलं. ज्या बोलण्यासाठी तिचा जीव तळमळला होता ते सगळ्यांसमोर बोललं गेलं होतं. तिला वाटलं होतं आनंद होईल. भाकरी थापता थापता तिला रडू आलं आणि ते आनंदाचं नव्हतं.

सकाळी ती सडा टाकायला दार उघडून बाहेर आली तर सोप्याची खिडकी उघडी होती आणि शेगडीत निखारे होते. कुणाला न उठवता आण्णा कामाला बसून उठले होते. ताटलीत चिमटा पडला होता आणि त्याच्याशेजारी तीन-चार वेड्यावाकड्या झाळलेल्या कड्या. स्वतः आण्णा बाहेर कट्ट्यावर ऊन धरून बसले होते.

“ये,” ते म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात पुढं केले. “त्या बाईनं सांगितल्यालं. बग.”

शालू घुटमळली. सासऱ्याच्या पायाशिवाय तिनं त्यांच्या अंगाला कधी हात लावला नव्हता. नळावरून आलेली शेजारची झुंबरबाई घागर कमरेवर घेऊन तशीच उभी राहिली. आतून विठाबाईची हाक आली, “शालू, हिकडं ये आदी!” हाकेत राग नव्हता, भीती होती. शालूचा पदर कपाळावरून मागं सरला होता. तो तिनं पुन्हा ओढला नाही, कारण पदराआडून नीट दिसलं नसतं.

ती खाली बसली. उजवा हात घेतला, उन्हात धरला, एकेक बोट उघडून बघितलं. हात जड होता आणि गार. मग डावा घेतला. पट्टीच्या खाली, तळहाताच्या कडेला, चिंचोक्याएवढा नवा फोड आला होता. वरची कातडी फुटून पाणी वाहिलं होतं, मनगटापर्यंत ओघळ आला होता.

“हितं भाजलंय, मामंजी.”

आण्णांनी हात डोळ्यांजवळ नेला. उलटा केला, सुलटा केला.

“कवा?” त्यांनी तिलाच विचारलं.